मोजणीबाहेरचा हात

“तुझा हात खाली घे. तुझा धरत नाही.”

इथे आखातात, खैतान वस्तीतल्या खोलीत आमच्या गावमंडळाची शुक्रवारची बैठक चालू होती. बोलणारे अध्यक्ष, सगळ्यांचे भाऊ. गावच्या खोतांच्या घरातले, तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आम्ही सगळे सतरंजीवर, ते एकटे खुर्चीत. विषय होता आमच्या वाडीतल्या शांताराम गवंड्याचा. साइटवरच्या मारामारीत त्याला आत टाकलं होतं. त्याच्याबरोबर कोर्टात मंडळानं अरबी येणारा माणूस द्यावा की नाही, यावर हात वर करायचे होते.

मी केला. आणि भर बैठकीत हे ऐकलं.

का, तर मी जेल भोगून आलेला. पाण्याचा टँकर मागे घेताना माझ्या हातून एक माणूस चेचला. त्याचा पाय गेला. चूक माझीच. शिक्षा झाली, ती भोगली. सुटल्यावर कफीलनं, म्हणजे इथल्या मालकानं, मला पुन्हा टँकरवर घेतलं. गाववाल्यांनी मात्र पुरतं आपल्यात घेतलं नाही. आत होतो तेव्हा मंडळातलं कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. न्यायाधीश काय बोलला ते मला कळलं नाही. शिक्षा किती झाली ते शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कैद्यानं बोटं दाखवून सांगितलं. शांतारामवरही तीच पाळी येणार होती.

अध्यक्ष म्हणाले, जेलात गेलेल्याला आपलं सरकारसुद्धा मत देत नाही. धादांत खोटं. मागच्या सुटीत गावी मतदान होतं. मलाही तीच भीती होती. म्हणून शाळेतल्या मतदान अधिकाऱ्याला मी आधीच सांगून टाकलं, साहेब, मी जेलात होतो. तो मान वर न करता म्हणाला, “आता बाहेर आहेस ना? मग आहे मत.” माझ्या बोटाला शाई लागली. बाहेर येऊन मी रडलो, लाज न बाळगता.

हे मी बैठकीत सांगितलं. अध्यक्ष हसले. ते हसले म्हणून सगळे हसले. मग ते मला पोराला समजावतात तसं म्हणाले, “उगाच कशाला तापतोस? जेवायला तुला धरलंय ना? मटण आहे. जेवून जा.”

भातासाठी डोकी मोजताना मी माणूस होतो. माझं डोकं फिरलं. हात वरच ठेवून मी उभा राहिलो.

“भाऊ, आत कोन गेलाय हितला? मी गेलोय. माजा हात पयला मोजा.”

मोजला नाही. एरवी माझ्या खांद्यावर हात टाकणारे वाडीवाले खाली बघत बसले. शांतारामला माणूस द्यायचा नाही, असं ठरलं.

मी जेवलो नाही. कोर्टात मी गेलो. अरबी मला मोडकीतोडकी येते, जेलात शिकलेली. तारीख कुठली पडली, पुढे काय होणार, हे शांतारामला मी त्याच्या भाषेत सांगितलं.

आता वाडीवाले निरोप धाडतात, भाऊंची माफी माग, म्हणजे तुझं बघू. माफी कशाची? ज्याचा पाय गेला त्याची मी मागितली, त्याच्या उशाशी बसून. खोतांचं मी काही देणं लागत नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय माझ्या मताचा. तो घेणार नसतील तर मी खोलीच्या दारात आडवा पडणार. ज्याला बैठकीला जायचं असेल, त्यानं मला ओलांडून जावं.