कोनाड्यातली गोळी

भुताखेतांच्या गोष्टी लहानपणी खूप ऐकल्या, पण मानल्या कधी नाहीत. इंटरला सायन्स घेतल्यावर तर नाहीच. ‘मग आता मानतेस का?’ असं कोणी विचारलं, तर मला नीट उत्तर देता येणार नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे आपल्या हातून काही चुकीचं लिहिलं जाईल ही धास्ती मला कायम असते. या हकिकतीतली मूळ चूकही लिहिण्याचीच आहे आणि ती माझी आहे...

गेल्या उन्हाळ्यात मी हैदराबादहून सुट्टीला जालन्याला आले. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात, एका व्यापाऱ्यानं बेघर बायांसाठी दोन घरं दिलेली आहेत. भिंतीला भिंत, मध्ये एक दार. पहिल्या घरात बायांची अफू सोडवतात. ज्यांची सुटते, त्या मधलं दार ओलांडून दुसऱ्या, चरख्याच्या घरात जातात. तिथं सूत कातायचं, शिवण करायचं आणि कुठं आसरा मिळेपर्यंत राहायचं. माझी आई दिवाळीपासून पहिल्या घराचं सगळं बघते. बाया तिला अक्का म्हणतात.

या बाया कशा येतात ते सांगते. कापसाच्या जिनात कामाला जाणारी आई तान्ह्या लेकराला नखावर अफू चाटवते, म्हणजे ते दिवसभर निजतं. पुढे तिची स्वतःची कंबर धरते, तेव्हा तीच गोळी ती स्वतः घेते. मग एक दिवस नवरा मरतो किंवा टाकतो, आणि अफू खाते म्हणून सासर-माहेर दोन्ही दारं बंद होतात. पारू अशीच स्टेशनावर सापडली होती. तिची चार वर्षांची चिमी नणंदेकडे शहागडला होती. नणंदेनं साफ सांगितलं होतं, बायांना तपासायला येणारे हकीमसाहेब ‘सुटली’ म्हणतील त्या दिवशी पोरगी आणून देईन. नाहीतर पोरीला आई नाही असं समजीन.

अफू एकदम तोडायची नसते, थोडी थोडी उतरवायची असते. आठ दिवस तुरीच्या दाण्याएवढी गोळी, मग आठ दिवस मुगाएवढी, मग ज्वारी, मग तीळ, शेवटी खसखस. भिंतीत बारा कोनाडे आहेत. प्रत्येक बाईचा एक. त्यात तिच्या मापाचा दाणा ठेवलेला असतो. बाया एकमेकींची चौकशीही तशीच करतात.

“तू कशावर हाय गं?”

“मुगावर.”

“मंग माझ्याशी नमून बोल. म्या तिळावर हाय.”

दिवेलागणीला सगळ्या आपापल्या कोनाड्याखाली भिंतीला पाठ लावून बसतात. हजेरी होते. नाव घेतलं की बाई ‘हाय’ म्हणते आणि आई तिच्या कोनाड्यात गोळी ठेवते. शेवटचं नाव झाल्यावर सगळ्या एकदमच गोळी घेतात, म्हणजे हिला आधी, तिला मोठी, अशी भांडणं होत नाहीत. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गोळी ती बोटांनी मापते, आणि माणूस आवाजावरून ओळखते.

मी आले त्याच दिवशी काही नव्या बाया आल्या, त्यांची नावं व्यापाऱ्याच्या मुनिमानं रजिस्टरात चढवली. एरवी आई हजेरी तोंडपाठ घ्यायची. रजिस्टर फाटलं होतं, म्हणून तिनं मला नवं करायला सांगितलं. जुन्या पानांवर ज्या नावांपुढे काट मारलेली नव्हती, ती सगळी मी स्वच्छ अक्षरात उतरवली. बारा नावं झाली. दुपारी आईला वाचून दाखवली.

“यमुना, तीळ,” मी म्हणाले.

“नवी बाई अन् एकदम तिळावर?” आईनं विचारलं.

“रजिस्टरात तसंच आहे.”

“मंग दुसरीकडून उतरवून आल्ती असंल,” आई म्हणाली आणि तिनं तिळाएवढी गोळी वळली. माझ्या अक्षरावर तिचा फार विश्वास.

संध्याकाळी मी नावं घेतली. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दारात एकच चिमणी. मी मान खाली घालून वाचत होते.

“यमुना.”

क्षणभर काहीच नाही. मग कोपऱ्यातून, मधल्या दाराच्या अंगानं, बारीक आवाज आला, “हाय.”

आईनं शेवटच्या कोनाड्यात गोळी ठेवली. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी दुपारी चरख्याच्या घरातली रसूलबी भाकरीचं विचारायला आली. ती तिथली सगळ्यात जुनी, दोन्ही घरांचा स्वयंपाक तीच करते. आम्ही तिला खाला म्हणतो.

“बेटा, बराबर सांग, खाणारी तोंडं किती? रोज एकीच्या वाटच्या भाकरी वापस येऊन राह्यल्या. लढाईच्या दिवसात पीठ काय आभाळातून पडतंय?”

“बारा जणी, खाला.”

“अकरा. म्या रोज वाढते. बारावी कोण ते सांग.”

मी रजिस्टर उघडून वाचू लागले. यमुनाचं नाव आलं तसा तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

“ती तर पावसाळ्यातच गेली, बेटा,” ती हळू म्हणाली.

कशी, ते तिनंच सांगितलं. आईच्या आधी जी बाई इथं होती, तिच्या वेळची गोष्ट. घर पाहायला पाहुणे यायचे होते आणि बरी झालेली एक तरी बाई दाखवायची होती. यमुना तिळावर होती. तिला खसखस दिलीच नाही, एकदम तोडली. तिसऱ्या दिवशी ती मधल्या दाराच्या उंबऱ्यावर पडली, ती उठली नाही. रजिस्टरात ‘मयत’ लिहायचं धैर्य कोणाला झालं नसावं. नाव तसंच राहिलं.

मी घाबरून आईला हाक मारली आणि सगळं सांगितलं. आई मात्र वेगळाच विचार करत होती.

“भूतबीत काही न्हाई. कोपऱ्याजवळ कोण बसतं?”

पारू. शेवटून दुसरा कोनाडा तिचा. ती खसखशीवर आली होती, आणि गुरुवारी हकीमसाहेब येणार होते. तिनंच दुसरीच्या नावावर ‘हाय’ म्हणून गोळी घेतली असेल, तर नियम स्पष्ट होता. पुन्हा तुरीपासून. म्हणजे चिमी गेलीच.

आईनं तिला बोलावलं. “पारू, खरं बोल. माझ्यासमोर लेकराची आन घे.”

“अक्का, लेकराची आन नका घालू,” पारू एवढंच म्हणाली. रडली नाही.

आईनं ठरवलं, आजपासून पारूनं हजेरीच्या वेळी चरख्याच्या घरात रसूलबीजवळ बसायचं. आणि मी यमुनाच्या नावावर काट मारली.

त्या संध्याकाळी मी दहा नावं घेतली, दहा ‘हाय’ आले. मी रजिस्टर मिटलं...

“हाय.”

कोपऱ्यातून. कोणी नाव घेतलं नव्हतं. समोरच्या दहाही बायांची तोंडं मला चिमणीच्या उजेडात दिसत होती, आणि दहाही जणी त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. आई गोळ्यांचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. ताटात गोळी नव्हती. मधल्या दारापलीकडून रसूलबीचा आवाज आला, “काय झालं? पारू इथंच हाय माझ्यापाशी.”

सकाळी सगळ्या आजारी. जांभया थांबेनात, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटऱ्यांत गोळे, उन्हाळ्यात अंगावर काटा. अफू एकदम तोडल्यावर जे होतं, ते सगळं. पण प्रत्येकीनं आपली गोळी रात्री घेतली होती! आईलाही तेच होत होतं, आणि मलाही. मी आयुष्यात अफूला बोट लावलेलं नाही. हाडं आतून कोणीतरी पिळतंय असं वाटत होतं, आणि मला काहीतरी हवं होतं. काय हवं, ते मला माहीत नव्हतं.

रसूलबी आमच्याजवळ बसून होती. ती म्हणाली, “अक्का, तुम्ही तिला तीन दिवस दिली. दिली ना? मंग आता एकदम कशी तोडता? एकदम तोडली म्हणून तर गेली बिचारी.”

आईनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मग मला म्हणाली, “तिचं नाव परत लिही. पहिल्यापासून न्हाई, तिळापासून. उतरवू.”

आणि आम्ही यमुनाला उतरवलं. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मी रोज नाव घ्यायची, कोपऱ्यातून ‘हाय’ यायचं, आई गोळी ठेवायची. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांची अंगं मोकळी झाली. सकाळी कोनाडा रिकामा. उंदीर असेल म्हणून मी रोज बघायची. पण मापाचा तीळ तिथंच पडलेला असायचा, फक्त गोळी गेलेली. तीळ सोडून अफू खाणारा उंदीर मला तरी माहीत नाही.

गुरुवारी हकीमसाहेबांनी पारूची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि ‘सुटली’ म्हणाले. बाजारच्या दिवशी नणंद चिमीला घेऊन आली. पोर आईला ओळखेना. पारूनं तिला उचललं आणि मधलं दार ओलांडलं, पण उंबऱ्यावर पाय न देता, लांब टांग टाकून. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तिळाचे आठ दिवस भरले. मग खसखस. आवाज रोज बारीक होत गेला. आठव्या संध्याकाळी मी नाव घेतलं आणि काहीच आलं नाही. तरी आईनं गोळी ठेवली. सकाळी ती तिथंच होती. आईनं ती चुलीत टाकली, मी रजिस्टरात लिहिलं, ‘यमुना – सुटली’, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा रडलो.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

मी परत निघाले त्या दिवशी पारू मला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली. चिमी कडेवर झोपली होती.

“ताई, तुम्ही शिकल्या सवरल्या. एक विचारू?” ती म्हणाली. “पहिले तीन दिवस म्याच म्हणले होते.”

मला समजेना.

“तुम्ही नाव घेतलं अन् कोणीच बोललं न्हाई. खसखशीनं जीव भागत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, हाय. गोळी म्याच घेतली. तीन दिवस. चौथ्या दिवशी तर म्या खालापाशी होते, ते तुम्हाला ठाऊकच हाय. ताई, मंग ती कोण बोलली? म्या तिच्या नावावर ओ दिली, म्हणून ती आली का?”

मी म्हणाले, “आता झालं ते झालं.”

“तुमच्यासाठी झालं. त्या घरात ती गप झाली,” पारू म्हणाली. “इकडं चरख्याच्या घरात रोज दिवेलागणीला माझ्या कानाशी कोणीतरी म्हणतं, पारू. माझंच नाव. माझ्याच आवाजात. म्या अजून ओ दिली न्हाई.” तिनं चिमीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. “पण माझा आवाज ऐकून लेकरू कधी झोपेत ओ देईल, याचं भ्या वाटतं.”

हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं तर पारूला पुन्हा तुरीपासून बसावं लागेल आणि चिमी शहागडला जाईल. न सांगण्यात मी बरोबर केलं का, हे मला कळत नाही. जे झालं त्याचा अर्थही कळत नाही. प्रोफेसरांना विचारायचं धाडस झालं नाही. कोणा वाचकाला काही ठाऊक असेल तर जरूर लिहावं.

पारू, चिमी, रसूलबी, सगळी नावं मी बदलून लिहिली आहेत. यमुनाचं तेवढं बदललं नाही. तिच्या नावावर आधीच दुसरीनं ओ दिली आहे, तेवढं पुरे.