आबा एकदाच विचारायचे

पिस्तूल अडकलं की आरमोरर आबा ते रिकामं करून बाजूला ठेवायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. "काय केलंस?" एवढंच विचारायचे, तेही एकदाच. "दुसऱ्यांदा इचारलं म्हंजी पोरीवर इश्वास न्हाई," म्हणायचे.

आबा उत्रोलीचे. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेली, म्हणून 'आरमोरर'. निवृत्तीनंतर भोरात एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आम्हा मुलींना नेमबाजी शिकवत. पिस्तूल एकच, पॉइंट टू टूचं. गोळी सुटली की तिच्या धक्क्यानं वरचा बोल्ट मागं सरकायचा, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडून पुढचं काडतूस आत यायचं. ते आलं नाही की आबांचा क्रम ठरलेला. "आधी मानूस, मंग काडतूस, मंग मॅगझिन. पिस्तुलाला शेवटी हात लावायचा."

एकदा माझी पुंगळी सारखी अडकायला लागली आणि मी पिस्तुलाला नावं ठेवली. आबांनी माझं मनगट धरून हलवलं. "बघ, शिळ्या भेंडीवानी लुळं. समदा धक्का तूच खाल्लास, मंग बोल्टाला मागं जायला जोर कुठनं यायाचा?" दुसऱ्या एकीनं पिस्तुलात तेल जास्त ओतलं, तर तिला म्हणाले, "फोडणी घालतीस व्हय गं?" आम्ही पोट धरून हसलो.

खंडेनवमीला आबा पिस्तूल स्वतः साफ करत आणि हळदकुंकू मात्र पेटीच्या झाकणाला लावत. हत्याराला धुळीचा कणही चालत नाही, मग कुंकू कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. मी वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची, भोरला मावशीकडे राहून शिकणारी. आमच्या घरी कोयत्या-कुऱ्हाडीला कुंकू लागल्याशिवाय सण झाल्यासारखा वाटत नाही. त्या वर्षी चारच दिवसांनी पुण्यात राज्य संघाची निवड चाचणी होती. आबा हात धुवायला गेले तेवढ्यात मी पिस्तुलाला बोटभर कुंकू लावलं, हात जोडले आणि ओढणीनं पुसून टाकलं.

चाचणीत तिसऱ्याच गोळीला पुंगळी अडकली. मग पुन्हा, मग पुन्हा. निवड हुकली. बाहेर पायरीवर बसून आबांनी विचारलं, "काय केलंस गं?"

"काय न्हाई, आबा."

त्यांनी काडतुसं पाहिली, मॅगझिन पाहिलं आणि शेवटी पिस्तूल उघडलं. पुंगळी ओढणाऱ्या आकडीखाली काळा, चिकट लगदा बसला होता. तेलात आणि काजळीत कुंकवाचा रंग राहिलाच नव्हता. आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्याच साफ केलं हुतं. माझ्या डोळ्यांना दिसलं न्हाई. पोरी, तुझी निवड म्या घालवली."

मी पिस्तूल पेटीत ठेवून झाकण लावलं. भोर येईपर्यंत एसटीत खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात आबांनी पेटीच्या किल्ल्या शाळेत देऊन टाकल्या. "डोळं गेलं आता," असं ज्याला त्याला सांगायचे. मी त्यांच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, अगदी ओठांवर आलेलं गिळून परत यायचे. पुढच्या खंडेनवमीला सांगायचंच, असं ठरवलं होतं. आबा श्रावणातच गेले.

आता त्या शेडमध्ये मी शिकवते. कुंकू पेटीच्या झाकणाला लावते. पिस्तूल अडकलं की आधी माणूसच. फक्त मुलगी "काही नाही" म्हणाली की मी तिच्याशेजारी बसते आणि पुन्हा विचारते. त्या पायरीवर आबांनी मला आणखी एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.