काकांनी शिकलेली हुर्यो

माईकवर कुणी नुसतं खाकरलं तरी काकांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा. बटण लावलं की ते उठून उभे राहायचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सेक्रेटरी "पार्किंग लॉटमध्ये एका निळ्या गाडीचे दिवे चालू आहेत" एवढंच सांगायला आला, तरी काका उभे. त्यांचा मुलगा शर्ट खाली ओढत म्हणायचा, "बाबा, बसा." काका बसायचे, पण खुर्चीच्या कडेवर.

हा मुलगा अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारी राहायचा आणि माझ्याच कंपनीत होता. दोन हजार दोनच्या सुमारास काकू गेल्या, तेव्हा त्यानं काकांना इकडे आणलं. काका नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीचा बराचसा काळ कलेक्टर कचेरीत राजशिष्टाचार सांभाळण्यात गेलेला. मंत्र्यांचा दौरा आला की विश्रामगृह, गाड्यांचा ताफा, हारतुरे, साहेबांचा बिनसाखरेचा चहा, सगळं काकांच्या गळ्यात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पेपरातल्या फोटोत साहेबांच्या खांद्यामागे ज्यांचा अर्धाच चेहरा येतो, ती.

आमच्या भागात बेसबॉलचं एक छोटं मैदान होतं. तिकीट स्वस्त, खेळ बेताचा, खाणं भरपूर. उन्हाळ्यात कंपनी तिथे फॅमिली नाइट करायची. पहिल्यांदा काकांना घेऊन गेलो, तेव्हा मानाचा पहिला चेंडू टाकायला त्या गावचे मेयर आले होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं मात्र, सगळ्या मैदानातून "बूऽऽऽ" असा आवाज उठला. पार्किंगची फी वाढवली होती म्हणे. आणि त्या गदारोळात आमचे काका एकटेच, गळ्यापर्यंत बटण लावून, हात जोडून उभे.

त्यांची दहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, सिट डाउन. इट्स जस्ट द मेयर."

काकांचा चेहरा उतरला होता. ते मला हळूच म्हणाले, "पोलीस कुठे आहेत?" मी बोट दाखवलं. जिन्यापाशी एक धिप्पाड पोलीस कणीस खात उभा होता आणि घास गिळून तोही "बूऽऽ" करत होता.

"अहो, पण मेयरच्या तोंडावर?"

"मग काय पाठीमागे करायचं, काका?"

मेयर हसले, हात हलवला, चेंडू कसाबसा टाकला आणि निघून गेले. गाडीत बसल्यावरही काकांच्या डोक्यातून ते जाईना. "त्या पोलिसाला उद्या कारणे दाखवा नोटीस येईल, नाही?" असं त्यांनी घर येईपर्यंत दोनदा विचारलं.

पण गोडी लागली. पुढच्या शनिवारी स्वतःच विचारत आले, "आज मैदानावर कुणी पाहुणे आहेत का?" सामन्यात कोण जिंकतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सुरुवातीला नुसते ओठ हलायचे. नात शिकवायची, "फ्रॉम द स्टमक, आजोबा." मग एकदा आवाज फुटला, तोही नेमका एका दंतवैद्यासाठी. त्या बिचाऱ्यानं मुलांच्या टोप्यांचा खर्च दिला होता म्हणून त्याचं नाव पुकारलं होतं. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

"काका, डेंटिस्टला नाही करायचं!"

"माईकवर नाव आलं, म्हणून मला वाटलं..."

मग मात्र त्यांनी शिस्त लावून घेतली. हुर्यो फक्त निवडून आलेल्यांची उडवायची. कुठल्या पक्षाचा ते बघायचं नाही. शेजारचे गोरे आजोबा एकदा चिडून म्हणाले, "अहो, तो आपल्याच पक्षाचा आहे." काका शांतपणे म्हणाले, "फॉर द चेअर, नॉट फॉर द मॅन." घरीही त्यांचं तेच पालुपद असायचं, खुर्चीला आहे, माणसाला नाही. दोन उन्हाळ्यांत त्यांचा आवाज असा काही तयार झाला की आमच्या रांगेतले लोक मेयर आले की आधी काकांकडे बघायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

एकदा मैदानातून बाहेर पडताना काकांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. दुष्काळाचं वर्ष होतं. एका राज्यमंत्र्यांच्या गाडीत काका पुढे बसले होते. रस्त्याच्या कडेला माणसं, बाया, काळे झेंडे. टँकर आले नव्हते. मागून साहेबांनी विचारलं, "ही गर्दी कसली?" काका म्हणाले, "स्वागताला आलेत, साहेब." साहेबांनी काच खाली केली आणि हसून हात हलवला.

"मी खोटं बोलणारा माणूस नाही रे," काका म्हणाले. "पण साहेबांना हवं ते उत्तर देणं आमच्याकडे खोट्यात धरत नसत."

आणि काय योग बघा, तेच साहेब बढती मिळून, अभ्यासदौऱ्याच्या निमित्तानं शिकागोला आले. त्यांच्या जिल्ह्यातल्या क्रिकेट संघटनेचे ते अध्यक्ष, म्हणून त्यांना बेसबॉल दाखवायचं मंडळानं ठरवलं. काकांना अनुभव, म्हणून त्यांना साहेबांच्या शेजारी बसवलं. पण खरं कारण वेगळं होतं. काकांची मुलगी, म्हणजे ताई, तिकडे आडगावातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. नवरा पुण्यात, छोटा मुलगा तिच्यापाशी, सांभाळायला कुणी नाही. पुण्याला बदली मिळावी म्हणून अर्ज करून ती थकली होती. साहेबांच्या एका शब्दावर काम झालं असतं. मुलानं काकांना घरातून निघतानाच बजावलं, "बाबा, आज तुम्ही फक्त ताईचं बोला. बाकी काही नको."

मी मागच्याच रांगेत होतो. आधी मेयरांचं नाव पुकारलं, लोकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. त्याच दमात निवेदकानं भारतातून आलेल्या मंत्रिमहोदयांचं नाव घेतलं आणि मोठ्या पडद्यावर साहेब झळकले. मिनिस्टर म्हटल्यावर लोकांनी आवाज आणखी चढवला. साहेब उठले, चारी दिशांना नमस्कार केला आणि प्रसन्न मुद्रेनं खाली बसले.

"केवढा उत्साह! काय म्हणतायत हे लोक?"

मंडळाचे अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "सर, इथली स्वागताची पद्धत आहे."

साहेब काकांकडे वळले. "काय हो, तुम्ही तर आमच्याच जिल्ह्यात होतात. खरं का?"

पलीकडून मुलगा बापाकडे नुसता बघत होता. ताईची बदली त्या क्षणी काकांच्या जिभेवर होती.

"नाही साहेब," काका म्हणाले. "हुर्यो उडवतायत."

अध्यक्षांच्या हातातलं सरबत सांडलं.

"माझी? माझं नाव तरी माहीत आहे का यांना?"

"नाही साहेब. ही खुर्चीला आहे, माणसाला नाही. पण दुष्काळात रस्त्यावर काळे झेंडे होते, ते तुमच्यासाठी होते. टँकर आले नव्हते. मी स्वागत म्हणून सांगितलं होतं."

साहेब मैदानाकडे बघत म्हणाले, "मला काही आठवत नाही."

"कसं आठवेल? मी सांगितलंच नव्हतं."

त्यानंतर साहेब काकांशी एक शब्द बोलले नाहीत. परत येताना मुलगा गाडी चालवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. शेवटी न राहवून म्हणाला, "आणि ताईचं काय, बाबा?"

"एका संध्याकाळी दोन्ही कामं होत नाहीत रे."

"अहो, पण ती एकटी आहे तिकडे!"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिची बदली होत नसेल, तर माझीच करून घेतो."

थट्टा वाटली होती आम्हाला. बर्फ पडायच्या आत काका खरंच भारतात, ताईकडे राहायला गेले. नात विमानतळावर रडली, मीही रडलो. मग ताईच्या मुलाला शाळेत सोडायचं आणि उरलेला वेळ दवाखान्याच्या बाकावर पेशंटांशी गप्पा मारायच्या, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. अमेरिकेत मेयरचं लोक काय करतात, हे त्या बाकावरच्या बायाबापड्यांना म्हणे पाठ झालं होतं.

दोन हजार आठमध्ये काका गेले. झोपेतच गेले. शोकसभेनंतर ताईचा फोन आला, तेव्हा मी काकांच्या मुलाच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. मुलानं फोन स्पीकरवर टाकला.

दवाखान्याच्या अंगणात सभा होती. गावातले एक पुढारी उशिरा आले, काकांबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग या दवाखान्यासाठी आपण काय काय केलं ते सांगू लागले. संपेचना. तेवढ्यात बायकांमधून एका म्हातारीनं सूर लावला, "बूऽऽऽ." मग दुसरीनं. मग सगळं अंगण.

"आणि तू काय केलंस?" मुलानं विचारलं.

"मी काय करणार? सरकारी नोकर मी. सगळ्यांना गप्प करायला म्हणून उठले," ताई म्हणाली, "आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले रे. आता करतील माझी बदली." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना.