पाच आयांमधली तिसरी

तार आली तेव्हा मी अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरी, अंगणात तूर वाळत घालत होते. तारेतलं इंग्रजी मला येत नाही, म्हणून शेजारच्या मास्तरांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि हळूच म्हणाले, "बाई, अमरावतीहून आहे. तुमच्या आई गेल्या." मी म्हटलं, "मास्तर, नीट पाहा हो. माझी आई जाऊन जमाना झाला." त्यांनी पुन्हा वाचलं. आईच. खाली नाव बापूचं, माझ्या धाकट्या भावाचं. मी वेड्यासारखी विचार करत बसले, कोणाची आई? बापूच्या बायकोची, सुशीलाची तर नव्हे?... आणि मग हातातली तूर तशीच सांडली. बापूनं जिला आई म्हणावं असं त्या घरात एकच माणूस उरलं होतं. आमची वहिनी.

आता महिना उलटून गेला. लिहायला बसले आहे खरी, पण मी काही शाळेत गेलेली बाई नव्हे. बापूच्या पाटीवरून अक्षरं उचलली, तीही वहिनीच्या धाकानं. "त्याच्या पाटीवर काय हाय ते तूबी वाच. डोळे काय नुसते काजळ घालाले देले का तुले?" असं म्हणायची. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते.

वहिनी शेंदूरजनाघाटच्या भटजींची लेक. माझ्या थोरल्या भावाशी, दादाशी, लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. हातावरची मेंदी जुनी झाली न झाली तोच आमची आई बापूच्या बाळंतपणात गेली. तान्ह्याला सांभाळायला मी फार लहान. वहिनीनंच त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि दादाही अकाली गेला. पण हे दुःख तिनं कधी चारचौघींत उगाळलं नाही. सवड कुठं होती तिला? आम्ही दोघं होतो ना मानगुटीवर.

बापू बोलायला लागला आणि साहजिकच तिला आई म्हणू लागला. ती ओ द्यायची नाही! पोरगं रडतंय, आई आई करून घर डोक्यावर घेतंय, आणि ही चुलीकडे तोंड करून बसलेली. "वहिनी" म्हटलं की मात्र पिठाच्या हातानं धावत यायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई दगडाचं काळीज. मलाही तसंच वाटायचं. मोठी झाल्यावर एकदा ती शिकेकाईनं माझे केस धूत होती, तेव्हा मी विचारलंच. तिचा हात थांबला. म्हणाली, "सासूबाईनं त्याच्यापायी जीव देला. तिले त्याच्या तोंडून एक डाव आई म्हनलेलं ऐकाले भेटलं नाही. अन् ते मी आयतं घेऊ? मले नाही जमत बाई..." आणि वर एक तांब्या पाणी माझ्या डोक्यावर असं ओतलं की पुढचं काही विचारायची सोयच राहिली नाही.

बापू वकील झाला. संस्कृत त्याचं पहिल्यापासून चांगलं. गावातल्या बायकांच्या सभेत एकदा आईच्या थोरवीवर बोलायला त्याला बोलावलं होतं. आम्ही दोघी मागं बसलो होतो. त्यानं सांगितलं, घरदार सोडलेल्या संन्याशापुढे जन्मदाता बापही वाकतो, पण आई समोर आली की वाकायचं संन्याशानंच. आणि आपल्या जुन्या लोकांनी आया पाच मानल्या. गुरूची बायको, राजाची बायको, थोरल्या भावाची बायको, बायकोची आई आणि स्वतःची आई. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता वहिनी म्हणाली, "काहून रे बापू, त्या पाच जणींत माहा नंबर कितवा?"

"तिसरा, वहिनी."

"म्हंजे राजाची बायको माह्या अगुदर? ते त तिकडं विलायतेत बसून राहिली. तिनं काय तुहे लंगोट धुतले का?"

बापू हसत सुटला. म्हणाला, "बरं, तू पहिली."

"नाही." ती एकदम गंभीर झाली. "पयली तुही आई. शास्त्रानं तिले शेवटी टाकलं त टाकलं, तू नको टाकू."

अशी ती वहिनी. थोड्याच दिवसांच्या तापानं गेली.

बाराव्या दिवशी गुरुजी आले. गेलेल्या माणसाचं नातं, नाव, गोत्र म्हणून पाणी सोडायचं असतं. गुरुजी म्हणाले, "भ्रातृपत्नी म्हणा. थोरल्या भावाची पत्नी." बापू म्हणाला, "नाही. माता म्हणेन." गुरुजी चपापले. "अहो, तुमच्या मातोश्री निराळ्या. त्यांचं नाव त्यांच्या जागी येतंच." तेव्हा बापू, कोर्टात कोणाला न हटणारा माणूस, पोरासारखा बोलला, "तुमच्याच शास्त्रात थोरल्या भावाची बायको आई आहे ना, गुरुजी? जिवंतपणी तिनं एकदाही म्हणू दिलं नाही. तारेत लिहिलं तेव्हा कळतेपणी पहिल्यांदा म्हटलं. आता तरी म्हणू द्या..."

गुरुजींचेही डोळे भरले. "म्हणा," ते म्हणाले. "आई एक जास्त झाली तर शास्त्राची ना नाही."

बापूनं ओंजळीत पाणी घेतलं. मी माजघराच्या दाराशी उभी होते. अशा वेळी बायकांनी मधे बोलायचं नसतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बापू, ती ओ देणार नाही रे."

तो तसाच बसून राहिला. पाणी बोटांतून गळून गेलं. मग त्यानं दुसरं पाणी घेतलं, गुरुजींनी सांगितला होता तोच शब्द म्हटला, गोत्र म्हटलं, नाव म्हटलं. आणि सगळं झाल्यावर, जे कुठल्याच पोथीत बसत नाही ते, अगदी हळू म्हणाला, "वहिनी... घे." गुरुजींनी त्याला अडवलं नाही.

परवा मी पुन्हा अमरावतीला गेले होते. सकाळी माळीण दारात टोपली उतरवून सवयीनं ओरडली, "ओ वहिनी, संभार आनला, कवळा कवळा!" सुशीला आतून पदराला हात पुसत गेली. कोथिंबिरीची एक जुडी घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "मावशी, मला सुशीला म्हणत जा."

माळीण म्हणाली, "अव माय, तुमी बी त वहिनीच ना कोनाच्या?"

"असेन," सुशीला म्हणाली. "पण या दारात नाही."