व्याह्यांसमोर उठून बसलेले दादा

आमच्या घरात कॉलेज केलेला मी पहिलाच, आणि याचा मला अभिमान आहे. म्हणून जालन्याच्या दवाखान्यात वडिलांची, म्हणजे दादांची, अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांशी बोलायला सगळ्यांनी मलाच पुढं केलं. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, ती उघडी राहावी म्हणून आत स्प्रिंग बसवली. "आज पडून राहू द्या," एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुपारी केदारखेड्याहून बहिणीचे सासरे भेटायला आले. दादा हात टेकून उठून बसले.

"अहो पाव्हणं, पडा की! मी काय नवरदेव हाय का?" व्याही म्हणाले.

दादा कसंनुसं हसले, पण पडले नाहीत. आई म्हणाली, "व्याह्यांसमोर ते आडवे व्हतील व्हय?" मला तर बरंच वाटलं. एवढं होऊनही माणूस रीत सोडत नाही.

व्याही चहाला बाहेर गेले. दादा तसेच, पुढं वाकून बसलेले.

"दादा, गेले ते. आता पडा."

"पडलं की दम कोंडून राह्यला रे."

मी सिस्टरला हाक मारली. तिनं बीपी घेतलं, दादांच्या मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. ते इकोचं यंत्र ओढतच आले. हृदयाची सोनोग्राफीच ती. पडद्यावर हृदय फडफडत होतं, भोवती काळी कड.

"हे काळं म्हणजे रक्त. रक्तवाहिनीला बारीक छिद्र पडलंय. बाहेर साचलेलं रक्त हृदयाला दाबतंय, फुलू देत नाही. कधीपासून बसलेत हे?"

"व्याही आल्यापासून."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

पडद्यावर नजर ठेवून त्यांनी छातीत सुई घातली, रक्त ओढून काढलं. कड बारीक झाली. दादांनी लांब श्वास घेतला आणि ते स्वतःहून आडवे झाले. मला वाटलं, सुटलो.

थोड्या वेळानं पुन्हा इको केला. कड पुन्हा जाड झाली होती. स्प्रिंगमध्ये गुठळी होऊ नये म्हणून औषधानं रक्त पातळ केलेलं, ते वाहायचं थांबेना. दादांना ऑपरेशनला नेलं.

डॉक्टर बाहेर आले ते मला एका बाजूला घेऊन इंग्रजीत सांगू लागले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "मराठीत सांगा, साहेब. नवरा तिचा आहे."

"आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही," त्यांनी सांगितलं. आई तिथंच फरशीवर बसली.