फ्रेश कैऱ्या

मराठीला 'फ्रेश' या शब्दाची काडीचीही गरज नव्हती. भाजी ताजी असायची, कापड कोरं, पान कोवळं, सून नवी, आणि झोप पुरी झालेल्या माणसाचा चेहरा टवटवीत. घरात एवढी माणसं असताना हा पाहुणा आला आणि सगळ्यांच्या पाटावर एकटाच बसला. माझी नागपूरची वहिनी आता पाहुण्याला हातपाय धुवायला सांगत नाही, "फ्रेश होऊन या" म्हणते. एटापल्लीच्या बाजारात मासोळी विकणारी बाईही "फ्रेश हाय" म्हणूनच टोपली पुढे करते. तेही मी चालवून घेतलं असतं. पण ऑफिसातल्या फ्रेशनं माझी आठ वर्षं गिळली, म्हणून या शब्दावर माझा दात आहे.

मी वरोऱ्याची. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावच्या शाळेवर कंत्राटी शिक्षिका म्हणून गेले. दर एप्रिलअखेर आम्हाला मोकळं करायचे आणि जूनअखेर घ्यायचे. 'पुन्हा घेतलं' असं मात्र म्हणायचं नाही. कारकून अर्जावरच्या 'फ्रेश' समोरच्या चौकोनावर बोट ठेवायचा आणि मी तिथे खूण करायची. मग स्टॅम्पपेपरवर स्वतःच्या हातानं लिहायचं, की ही नेमणूक पूर्णपणे नवीन आहे, मागच्या कामावर मी कोणताही हक्क सांगणार नाही. "लिहून द्या मॅडम, सगळेच देतात," तो म्हणायचा. मी आठ वेळा लिहून दिलं. अक्षर चांगलं असल्यामुळे स्वतःला खोडलेलंही सुबक दिसायचं.

गावात मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत होते. तिच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये मी खाली पडलेली कैरी उचलली, मीठ लावलं आणि खाल्ली. दुसरी उचलणार तोच तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. त्या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही, पडलेलासुद्धा नाही. पहिला आंबा गावातल्या गेलेल्या माणसांना दाखवायचा, मग जिवंत माणसांनी खायचा.

"आधी जुन्याइले, मंग आपल्याले," ती म्हणाली. मी घाबरले होते. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुले माहीत नव्हतं. ज्याले माहीत नाई, त्याले दोष नाई."

पुढे मी हे पाळलं. बहुतेक वेळा पंडुम होण्याआधीच मला मोकळं केलेलं असायचं. मग माझ्या वाट्याच्या फोडी ती उन्हात वाळवून ठेवायची. जूनअखेर मी फ्रेश होऊन परतले, की पळसाच्या पानात बांधलेल्या त्या फोडी माझ्या दारात यायच्या.

आठव्या वर्षी त्या जागेसाठी कायम भरती निघाली. अनुभवाला गुण होते. मी आठही ऑर्डरी घेऊन साहेबांसमोर बसले. साहेब भला माणूस, त्यानं पाणी मागवलं. मग माझेच आठ स्टॅम्पपेपर टेबलावर मांडले. "तुम्हीच लिहून दिलं हाय, मॅडम. तुम्ही फ्रेशच धरल्या जाता." आणि फ्रेश उमेदवाराची वयोमर्यादा मी दोन वर्षांपूर्वीच ओलांडली होती. अनुभवाला मी कोरी आणि वयाला शिळी. मी पाणी पिऊन उठले.

एप्रिलमध्ये नवा मास्तर रुजू झाला. तोही वरोऱ्याचाच, चोवीस वर्षांचा, यंदाच पदवी हातात पडलेला. तो मला ताई म्हणायचा, बसायला आधी खुर्ची द्यायचा. वाईट असता तर बरं झालं असतं. त्याला चार्ज द्यायचा होता, म्हणून मी खडूचे खोके, भांडी, हजेरीपट मोजून दाखवत होते. दुपारी त्याला माझ्या खोलीवर जेवायला नेलं. घरधनीण मोहफुलं वेचायला गेली होती. तो झाडाखाली उभा राहिला.

"ताई, ह्या कैऱ्या खाऊ काय? खालीच पडून हायेत."

शाळेच्या किल्ल्या अजून माझ्या हातात होत्या. मी म्हणाले, "खा ना. फ्रेश आहेत."

त्याचं काही वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. गावानं त्याला पहिल्याच आठवड्यात नावं ठेवावीत, एवढंच हवं होतं. तो मिटक्या मारत खात होता. एक कैरी त्यानं मलाही देऊ केली, ती मी घेतली नाही.

संध्याकाळी कोयी सापडल्या. पुजारी आला, चार माणसं जमली. मास्तरनं लपवलं नाही. "मले माहीत नव्हतं. ताईले विचारून खाल्ली," तो सरळ म्हणाला. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. नवा माणूस म्हणून त्याला समजावून सांगितलं, बसवून चहा पाजला. गावाचा दोष काढायला कोंबडं लागलं, ते घरधनिणीनं आपलं दिलं, कारण झाड तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगा बांधत होते. ती दारात येऊन उभी राहिली. रागावली असती तर मीही दोन शब्द बोलले असते, माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

"तो नवा हाय," ती म्हणाली. "तुले त आठ वरसं झाली इथी."

माझी आठ वर्षं कोणीतरी सलग धरली होती, आणि मला तिच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं.