साहेबांचे बूट

हसायचं तर पोटभर हसा, पण चहा सांडू नका. सरपंच म्हणून मी गावाचं जे नुकसान केलं ना, ते विरोधकांना सात जन्मांत जमलं नसतं. आणि तेही पाहुणचाराच्या नादात!

आमचं गाव वाणगावच्या अलीकडे. गाव आणि डोंगरपाडा यांच्यामधून ओहोळ जातो. पावसाळ्यात तो भरला की पाड्यावरच्या पोरांची शाळा बंद. निवडून आले तेव्हा पाड्यावरच्या लखमीमावशीच्या अंगणात बसून शब्द दिला होता, इथे साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देते म्हणून. तिची नात तेव्हा पहिलीत होती.

तुम्ही म्हणाल, सरपंच आहेस ना, मग बांध की! कशातून बांधू? घरपट्टी-पाणीपट्टीत दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार भागला तरी देव पावला. कुडाच्या घरांवर कर वाढवून वाढवणार किती? कारखाने बोईसरच्या बाजूला, त्यांचा कर आमच्याकडे येत नाही, भोंगा तेवढा येतो. वरून जो निधी येतो त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. त्यातून संडास बांधता येतो, संडासापर्यंत जायला पूल बांधता येत नाही!

म्हणून साकवासाठी जिल्ह्याकडे हात पसरला. खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे पालघरहून साहेब जागा बघायला येणार असं कळलं.

आणि इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. ओहोळात गुडघाभर पाणी, खाली शेवाळ. आपल्या दारी आलेल्या माणसाने बूट भिजवत जायचं? शोभतं का? मांडववाल्याकडून लग्नाच्या स्टेजच्या फळ्या आणि लोखंडी पाइप मागवले. आदल्या दिवशी पूल उभा. कठडा केला, त्याला झेंडूच्या माळा. मी स्वतः मधोमध उड्या मारून बघितलं, जराही हलला नाही. काम फार चांगलं झालं होतं हो, तेच तर दुःख आहे.

साहेब आले, शहाळं प्यायले, पलीकडे जाऊन परत आले. बुटाला थेंब नाही. खूश होऊन म्हणाले, "हे गावानंच केलं?"

आमचे ग्रामसेवक खोकायला लागले. मला वाटलं ठसका लागला, पाणी पाठवलं. ते आणखी खोकले, मी शहाळं पाठवलं. आणि मीच ऐटीत म्हणाले, "हो तर! आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही." वर पुलावर उभी राहून साहेबांच्या फोनवर फोटोही काढून घेतला.

संध्याकाळी मांडववाला फळ्या घेऊन गेला. त्याला दुसरीकडे लग्न होतं.

पुढे मंजुरीची यादी आली. साकव शेजारच्या गावाला! धावत पालघर गाठलं. साहेबांनी तोच फोटो समोर ठेवला. मी पैठणीत, दात काढून, भक्कम पुलावर. म्हणाले, निधी थोडा, गावं फार. जिथे काहीच सोय नाही तिथे आधी द्यावा लागतो.

मी म्हटलं, अहो ते लग्नाचं स्टेज होतं, पुरात काडीसारखं वाहून जाईल. मग म्हटलं, निदान त्या पाणी-स्वच्छतेला बांधलेल्या पैशातला थोडा आमच्या मनाने खर्चू द्या, गावाला काय हवं ते गावाला कळतं. साहेब रागावले नाहीत. पटतंय, पण नियम वरून येतात, माझ्या हातात नाही, म्हणाले. म्हणजे तेही माझ्यासारखेच. मग भांडायलाही कोणी उरलं नाही.

पाड्यावर जायचा कितीतरी दिवस धीर झाला नाही. गेले तेव्हा लखमीमावशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाय, तो एक दीस आला, त्याच्यासाठी तुमी पूल बांदलात. आमी रोज जातो."

मान खाली घालून उठले. त्या पावसाळ्यात तिच्या नातीची शाळा पुन्हा बुडाली. तेव्हापासून पाऊस लागला की मला घरात बसवत नाही.

पुन्हा अर्ज केलाय. उद्या पुन्हा साहेब येतायत. या वेळी फळी नाही, फूल नाही, शहाळंसुद्धा नाही. ग्रामसेवकांनी तर मांडववाल्याला बजावून ठेवलंय की मॅडमचा फोन उचलायचा नाही.

बरोबरच केलं त्यांनी. सकाळपासून मी दोनदा लावून बघितलाय.